माळ्यावरची पुस्तकं

"आज कोणाला ताप?" आप्पांनी खालून विचारलं.

मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होते. डोकं माळ्यावर आणि बाकीची मी स्वयंपाकघरात. समोर पुस्तकं रांगेनं उभी होती आणि त्यांच्यामधून धुकं फिरत होतं. खोटं नाही सांगत. आंबोलीला पावसाळ्यात धुकं दाराशी थांबून आत येऊ का म्हणून विचारत नाही. ते कौलांच्या फटीतून शिरतं, भांडीकुंडी चाचपून बघतं, आणि आवडेल तिथे मुक्काम ठोकतं. समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर कधी दिसायचं, कधी नाही. त्या सकाळी धुकं पुस्तकांवर बसलं होतं आणि उठायचं नाव घेत नव्हतं.

"प्रवासवर्णनांना," मी म्हटलं. "सगळ्यांना एकदम. आणि तुमचा तो लाल कापडी पुठ्ठ्याचा नाटकांचा संग्रह, त्याच्या पाठीवर आज पांढरं आलंय."

"पांढरं यायचं वयच झालं त्याचं. बेळगावात घेतला तेव्हाही तरुण नव्हता."

"हसू नका आप्पा. काल पुसलं होतं मी."

"मी कुठे हसतोय? मी शिडी धरलीय."

आप्पा म्हणजे माझे सासरे. सावंतवाडी-बेळगाव एसटी चालवण्यात त्यांचा जन्म गेला. सीटच्या मागे त्यांची एक कापडी पिशवी लटकलेली असायची. बेळगावात गाडी थांबली की बाकीचे ड्रायव्हर-कंडक्टर चहाला जात आणि आप्पा जुन्या पुस्तकांच्या दुकानाकडे. परतीच्या फेरीत पिशवीत एखादं पुस्तक असे. ते आधी स्वतः वाचायचे, मग माळ्यावर चढवायचे. असं करत करत माळा भरला. मला बघायला ही मंडळी बार्शीला आली होती, तेव्हा नवरा मुलगा एक शब्द बोलला नाही. आप्पाच म्हणाले, "आमच्याकडे पाऊस आहे आणि पुस्तकं आहेत. बाकी काही विशेष नाही." मी तिथेच मनातून होकार देऊन टाकला. पुढे प्रभाकरला हे सांगितलं तेव्हा तो दोन दिवस रुसून बसला होता.

प्रभाकर खाली सावंतवाडीला टेलिफोन खात्यात होता आणि पावसाळ्यात शनिवारीच वर यायचा. घरात उरलो आम्ही तिघं: आप्पा, आई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी. आई कामाची बाई. दिवसभर हात चालू, तोंड बंद. शेजारपाजारी कोणाशी ओळख व्हावी तर चार हातांवरचं माणूस धुक्यात दिसायचं नाही. मी बोलायची ती त्या माळ्यावरच्या मंडळींशी. त्यांच्यात बसलं की बार्शीची आठवण जरा लांब जायची.

आणि तीच मंडळी माझ्या डोळ्यांदेखत नासत चालली होती.

आधी नुसता वास आला, ओल्या गोणपाटासारखा. मग कडांवर पिवळे ठिपके. मग एका सकाळी बघते तर पुठ्ठ्यांवर बारीक पांढरा भुरा, बोट लावलं तर पुसला जाणारा आणि दुसऱ्या दिवशी तितकाच परत येणारा. पानं सर्दाळून जड झाली होती. पुस्तक उघडलं की आतून गारवा यायचा. काहींची पानं एकमेकांना चिकटली, सोडवायला गेलं की अक्षरंच निघून यायची. मला रडूच यायचं. आप्पांनी आयुष्यात स्वतःसाठी म्हणून काय केलं असेल तर ती पुस्तकं, आणि मी आले त्याच वर्षी त्यांचा लगदा व्हायला लागला होता.

"यंदाच कसं हो आप्पा असं?" मी विचारायची. "इतकी वर्षं टिकली ना?"

"यंदा धुकं जास्त आहे," आप्पा म्हणायचे.

आईकडे बघावं तर ती तांदूळ निवडत असायची.

मी हार मानणारी नव्हते. माळ्यावर मिठाच्या वाट्या मांडल्या, संध्याकाळपर्यंत त्यांचं पाणी झालं. कळीचा चुना ठेवला, तो फुगून बसला. वेखंड, कापूर, लवंगा, सगळं झालं. माळ्याला देवळाचा वास यायला लागला, पण भुरा काही हलेना. तांदळाच्या पुरचुंड्या करून पुस्तकांमध्ये ठेवल्या तर तांदळालाच बुरशी आली, आणि ते मात्र आईनं मनाला लावून घेतलं. विजेचा मोठा दिवा सोडला. त्याच्या उजेडात धुकं इतकं सोनेरी दिसायचं की मी काम सोडून बघत बसायची. पण वीज आठवड्यातून निम्मा वेळ गुल. शेवटी आईला, माझ्या बार्शीच्या आईला, लिहिलं की थोडं ऊन पाठव. तिनं खरोखरच कडक उन्हात वाळवलेली जुनी धोतरं आणि कडुलिंबाचा पाला पार्सल केला. धोतरं उघडल्यावर माहेरचा वास आला. मी ती पुस्तकांभोवती गुंडाळली. घाटातली हवा त्यांना लागली आणि बार्शीचं ऊन दोन दिवसांत संपलं.

आप्पा सगळं बघायचे. वाट्या भरून द्यायचे, शिडी धरायचे, आजारी पुस्तकांची चौकशी करायचे. एकदा मी म्हटलं, "हा माळाच वाईट. स्वयंपाकघराच्या वर कोणी पुस्तकं ठेवतं का? इतकी वर्षं धूर खाऊन ही काळवंडली, आता कुठे गॅस आल्यावर काजळी सुटली तर ही ओल."

"जागा नव्हती दुसरी," आप्पा म्हणाले.

गॅस माझ्यासाठीच आला होता, हे मला माहीत होतं. लग्न होऊन आले तेव्हा घरात चूल होती. आमच्याकडे बार्शीला स्टोव्ह. इथली ओली लाकडं, बंद दारं, घरभर कोंडलेला धूर. महिन्याभरात मला धाप लागायला लागली. एका दुपारी तर भाकरी तव्यावर आणि मी जमिनीवर, ओठ निळे. डॉक्टरांनी धुरापासून लांब ठेवा म्हणून बजावलं, तेव्हा मला हवापालटाला माहेरी पाठवलं गेलं. परत येऊन बघते तो ओट्यावर गॅसची शेगडी, आणि चूल सारवून, वर रांगोळीची चार बोटं ओढून स्वस्थ ठेवलेली. "आम्हीही म्हटलं, सुधारावं थोडं," असं आप्पा म्हणाले होते. मला ते गोड वाटलं होतं, आणि तो विषय तिथेच संपला होता.

श्रावण सरता सरता घाटात दरड कोसळली. सावंतवाडीचा रस्ता बंद. प्रभाकर खाली अडकला, आणि नेमका आमचा सिलिंडर संपला.

आईनं रिकामा सिलिंडर हलवून बघितला आणि माझ्याकडे बघितलं. "चूल पेटवची लागतली. तू भायर पडवेत बस. भितर येव नको."

मी पडवीत घोंगडीत गुरफटून बसले. मधलं दार लावून घेतलेलं. आई ताट बाहेर आणून द्यायची, "हय बसान जेव," म्हणायची आणि दार पुन्हा ओढून घ्यायची. पडवीतून मला आमच्या घराची कौलं दिसायची. त्यांच्यातून धूर निघायचा, सरळ वर न जाता आळसावल्यासारखा कौलांवरच लोळायचा, आणि धुकं खाली उतरून त्याला भेटायचं. धूर कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. सगळं घरच जमिनीपासून वीतभर उचललं गेलंय असं वाटायचं. मी अर्धी जागी, अर्धी झोपेत. धूर कुठून तरी यायचाच. खोकला सुरू झाला की थांबायचा नाही. छातीत शिट्टी वाजायची. त्या शिट्टीच्या तालावर मला स्वप्नं पडायची की माळ्यावरची पुस्तकं धुक्यात पोहत पोहत कौलांबाहेर पडतायत आणि मी त्यांना हाका मारतेय, पण हाक फुटत नाही.

शेवटी बेळगावच्या बाजूनं ट्रक आला आणि सिलिंडर मिळाला. आईनं चूल विझवली, दारं-खिडक्या सताड उघडून धूर घालवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत घेतलं.

मी आधी शिडी गाठली. इतके दिवस कोणी पुसलं नव्हतं, वाऱ्यावर धरलं नव्हतं. वर काय बघायला मिळणार याची मनाची तयारी करूनच चढले. जवळचं एक पुस्तक घेतलं, उघडलं आणि पान उलटलं.

आवाज झाला.

ज्यानं ओली पुस्तकं सांभाळली नाहीत त्याला हे सांगून कळायचं नाही. तो सगळा पावसाळा पानं मुकी झाली होती. उलटली तरी ओल्या फडक्यासारखी निमूट पडायची. आता कागद कुरकुरला. मी दुसरं पान उलटलं, तिसरं उलटलं. दुसरं पुस्तक घेतलं. लाल पुठ्ठ्याचा नाटकांचा संग्रह हातात घेतला तर पाठीवर भुरा नाही, नुसता फिकट डाग. पुस्तकं कोमट होती. मी तिथेच मांडी घातली आणि काही न वाचता नुसती पानं उलटत बसले.

मग माळ्याच्या फळ्यांमधून खाली लक्ष गेलं. बरोबर माझ्या खाली चूल होती, करडी, राखेनं भरलेली.

आप्पा पडवीत सुपारी कातरत होते. मी जाऊन त्यांच्यासमोर बसले.

"आप्पा, माळा चुलीवरच का बांधला?"

"जागा नव्हती."

"माजघरावर आहे की जागा."

अडकित्ता थांबला. मग पुन्हा चालू झाला. "आईनं बांधून घेतला," ते म्हणाले. "आधी पुस्तकं माजघरातच होती. पहिल्या पावसाळ्यात त्यांची पेज झाली. मी रडायचा बाकी होतो. ही म्हणाली, लाकडं चुलीवर टिकतात, बियाणं टिकतं, सुके बांगडे टिकतात, मग हीच काय मोठी लागून गेली? सुतार बोलावला आणि माळा घातला. त्यानंतर कधी बुरशी बघितली नाही."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी मिठाच्या वाट्या मांडत होते तेव्हाही."

"मीठ चांगलं असतं."

"आप्पा."

"तू रमली होतीस. म्हटलं, रमू दे."

मला राग आला. इतका आला की आवाज चढला. "चूल परत पेटवा. मी चार महिने सावंतवाडीला प्रभाकरकडे जाऊन राहते."

"आणि पाचव्या महिन्यात? इथे भिंती दिवाळीनंतरही ओल्या असतात. चूल बारा महिने जळते तेव्हा माळा कोरडा राहतो, पोरी. चार दिवस पेटवून भागत नाही."

"मग मी सोसेन. सवय होईल."

आप्पांनी सुपारीची खांडं तळहातावर घेतली आणि बघत राहिले. "जुनी गाडी भरली की घाटात चढायची नाही," ते म्हणाले. "दुसरे ड्रायव्हर माणसं उतरवायचे, चालत या म्हणायचे. पावसात, पोराबाळांसकट. मी टपावरचं सामान उतरवायचो. माणूस कधी उतरवला नाही."

मी उठले, तरातरा आत गेले, चुलीत लाकडं रचली आणि काडी ओढली. पहिला धूर आला तसा माझा श्वास अडकला. डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात आई आली. तिनं जळतं लाकूड उचलून पाण्याच्या बादलीत बुडवलं, मला दंडाला धरून उठवलं आणि पडवीत नेऊन बसवलं. पाठीवरून हात फिरवत राहिली.

"कित्याक करतंस गो असा?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा घरात धुकं गच्च होतं आणि त्यातून आईचा आवाज येत होता. मी दाराशी जाऊन उभी राहिले. आई चुलीसमोर बसली होती. चुलीला हळद-कुंकू लावलेलं, वर एक जास्वंदीचं फूल. आप्पा पहार घेऊन बाजूला उभे. नांदती चूल मोडत नाहीत, चूल मोडणं म्हणजे घर मोडणं, हे बार्शीलाही मानतात आणि आंबोलीलाही. आई एखाद्या थोरल्या जावेशी बोलावं तशी चुलीशी बोलत होती.

"रागाव नको. तुका मीच घातलंय, मीच सांगतंय. पोरीचो जीव खालवर जाता. आज तू रवलंस तर उद्या ती परत पेटवतली. हट्टी असा."

तिनं पदर पसरून चुलीला नमस्कार केला आणि बाजूला झाली. आप्पांनी पहार उचलली. पहिला घाव मातीत नुसता रुतला. दुसऱ्यानं चूल दुभंगली. आतली माती भाजून लाल झालेली होती. तिच्यावर आईच्या हाताची बोटं अजून दिसत होती, कोण जाणे किती वर्षांपूर्वीची. आई डोळे न पुसता ढेकळं टोपलीत भरायला लागली, आणि मी भिंतीला धरून मोठ्यानं रडले. कोणी मला गप्प केलं नाही.

त्या दुपारी पाऊस थांबला होता. आप्पांनी माळ्यावरची पुस्तकं, कोरडी होती तोवर, खाली काढली, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून गठ्ठे बांधले. "चल," म्हणाले. मी डोक्यावर एक गठ्ठा घेतला, त्यांनी दोन. आम्ही वाडीत निघालो. पुढे चालणारे आप्पा धुक्यात कमरेपर्यंत विरलेले, फक्त गठ्ठे तेवढे हवेतून चाललेत असं दिसायचं. एकेक घर धुक्यातून वर यायचं, आधी धुराचा वास, मग कुत्र्याचं भुंकणं, मग दार.

आप्पांनी कोणाला काय द्यायचं ते ठरवलेलं होतं. बोलक्या न्हाव्याकडे नाटकं. भागीरथीकाकी जन्मात सावंतवाडीपलीकडे गेली नव्हती, तिच्याकडे सगळी प्रवासवर्णनं.

"आप्पानू, माका खय वाचूक येता?" काकी घाबरून म्हणाली.

"वाचूचा नाय. चुलीवयल्या माळ्यार ठेव. बाजूक सुके बांगडे असले तरी चलतले."

"आणि कधी परत व्हयी झाली तर?"

"मी मागाक येवचंय नाय. तुझीच ती आता."

मी सगळीकडे अंगणातच उभी राहिले, कारण आत चूल होती. खेपा घालत घालत संध्याकाळपर्यंत सगळे गठ्ठे संपले. त्यातली काही पुस्तकं अजूनही त्या घरांत आहेत. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, आई गेली, काकी गेली, पण मी त्या वाटेनं गेले की काकीची सून मला बघून आत जाते आणि एखादं पुस्तक आणून पायरीवर हातात देते. ते उबदार असतं. मी तिथेच बसून तिला चार पानं वाचून दाखवते.

पण तेव्हा, गठ्ठे वाटून आलो त्यानंतरच्या दिवसांत, मला माळ्याकडे बघवत नसे. फळ्या रिकाम्या, आणि त्यांच्यावर धुकं आरामात पसरलेलं. आप्पा दिवेलागणीला जेवणाची वेळ होईपर्यंत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून वाचत बसायचे, ही त्यांची जन्माची सवय. खुर्ची तशीच होती. ते येऊन बसायचेही. चष्मा खिशात, हात मांडीवर, डोळे मिटलेले.

एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि आई भाजी चिरत होती. आप्पा असेच बसलेले. मला राहवलं नाही.

"आप्पा, एखादं मागून आणू का? एक तरी? मी जपते."

"नको."

"मग काय करता नुसते बसून?"

"ऐकतोय."

मी गॅस बारीक केला आणि कान दिला. बाहेर पाऊस नव्हता. बेडूक गप्प होते. धुक्यानं सगळ्या वाडीच्या तोंडावर हात ठेवला होता. आईची विळीसुद्धा थांबली.

"मला तर काहीच ऐकू येत नाहीये," मी म्हटलं.

"हो ना," आप्पा म्हणाले. डोळे न उघडता हसले. "आज दिवसभरात एकदासुद्धा खोकली नाहीस." आणि एखादं चांगलं पुस्तक संपवल्यावर बसायचे, तसे पाय लांब करून, खुर्चीत मागे टेकून बसले.